उद्योगाचा दावा आणि गावाची पडताळणी

जुलै २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर हा देशातील पहिला प्रमाणित ‘हर घर जल’ जिल्हा म्हणून घोषित झाला. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली, त्या वेळी या जिल्ह्यातील ३७,२४१ ग्रामीण कुटुंबांकडे, म्हणजे शेकडा सुमारे ३६ कुटुंबांकडेच नळजोडणी होती. तीन वर्षांच्या आत १,०१,९०५ कुटुंबांपर्यंत नळ पोहोचला. ही प्रगती निश्चितच अभिनंदनीय आहे. तथापि या यशातील ‘प्रमाणित’ हा शब्द विशेष लक्ष देण्याजोगा आहे.

काम पूर्ण झाले, असे खात्याने सांगितले म्हणून गाव प्रमाणित होत नाही. खात्याचा कामपूर्तीचा दाखला ग्रामपंचायतीकडे येतो. तो ग्रामसभेत वाचून दाखविला जातो. प्रत्येक घरी, शाळेत व अंगणवाडीत पाणी येत असल्याची खात्री करून ग्रामसभा ठराव संमत करते. आणि हा ठराव व सभेचे चित्रीकरण मिशनच्या संकेतस्थळावर सर्वांना पाहण्यासाठी ठेवले जाते. बऱ्हाणपूर जिल्ह्यातील २५४ गावांनी ही पद्धत पार पाडली. ज्याच्याविषयी दावा केला त्यालाच साक्षीदार करावयाचे आणि ती साक्ष जगापुढे उघडी ठेवावयाची, हे या पद्धतीचे मर्म होय.

आज मोठे उद्योगही आपण पर्यावरणाची काळजी घेतो, पाणी वाचवितो, झाडे लावतो असे दावे करतात. हे दावे पूर्वी वार्षिक अहवालात राहत. आता ते फेसबुक, यूट्यूब, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅप अशा समाजमाध्यमांतून थेट खेड्यातील मोबाइलवर येतात. ग्रामसभेने नळाच्या बाबतीत जी कसोटी लावली, तीच या दाव्यांना कशी लावावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शाश्वतता म्हणजे काय?

संयुक्त राष्ट्रांनी स्थापन केलेल्या ब्रुंटलँड आयोगाने १९८७ साली शाश्वत विकासाची जी व्याख्या केली, तिचा आशय सोपा आहे. आजच्या पिढीने आपल्या गरजा भागवाव्यात. परंतु पुढील पिढ्यांना त्यांच्या गरजा भागविता येणार नाहीत, अशा रीतीने नव्हे. उद्योगाला हे तत्त्व लागू केले म्हणजे त्याने पाणी किती घेतले, कोणत्या स्वरूपात परत सोडले, इंधन कोणते जाळले, कचऱ्याचे काय केले, कामगारांना व शेजारच्या गावांना कसे वागविले, असे प्रश्न उभे राहतात.

बऱ्हाणपूरला ही कल्पना परकी नाही. १६१५ साली अब्दुल रहीम खानखाना यांच्या कारकिर्दीत, तबकुतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञाच्या योजनेनुसार येथे कुंडी भंडारा बांधण्यात आला. सातपुड्याकडून झिरपत येणारे पाणी भूमिगत बोगद्यांतून, केवळ उताराच्या बळावर, शहरापर्यंत आणण्याची ही योजना. २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत तिचा समावेश झाला. जमिनीखालचे पाणी एकाच्या मालकीचे नसते आणि वरच्या बाजूस जे घडते त्याचा परिणाम खालच्या बाजूस जाणवतो, हा धडा कुंडी भंडारा आजही देतो. यंत्रमाग, सायझिंग, कापड प्रक्रिया, केळी, कागद यांवर पोट असलेल्या या जिल्ह्यात तापीचे व भूगर्भातील पाणी हाच उद्योग आणि गाव यांच्यामधील सामायिक ठेवा आहे.

नेपानगरचे उदाहरण

या जिल्ह्यातील नेपानगरचा कागद कारखाना हा वृत्तपत्राचा कागद तयार करणारा देशातील पहिला कारखाना. त्याचे उत्पादन १९५५ मध्ये सुरू झाले आणि २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांनी तो राष्ट्राला अर्पण केला. प्रारंभी जंगलातील सालई व बांबू हा त्याचा कच्चा माल होता. पुढे रद्दी कागदाची शाई काढून त्यापासून नवा कागद करण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. आधुनिकीकरणासाठी २०१६ मध्ये थांबलेले उत्पादन २३ ऑगस्ट २०२२ रोजी पुन्हा सुरू झाले.

असा कारखाना समाजमाध्यमावर आपली माहिती देऊ लागला, तर ‘आमचा कागद रद्दीपासून होतो’ हे वाक्य पुरेसे आहे काय? रद्दीचा वापर झाला म्हणजे झाड तोडावे लागत नाही, ही गोष्ट चांगलीच. परंतु शाई काढण्यास पाणी व रसायने लागतात आणि त्यातून गाळ निघतो. म्हणून रद्दी किती टन वापरली, प्रत्येक टन कागदामागे पाणी किती लागले आणि गाळाची विल्हेवाट कोठे लावली, हे त्या वाक्याच्या शेजारीच सांगितले तर ती खरी माहिती होईल. अर्धे सत्य सांगून उरलेले झाकणे यास हिरवा मुलामा देणे म्हणता येईल.

हा मुलामा किती महागात पडतो, याचे उदाहरण जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीने घालून दिले आहे. ज्या डिझेल गाड्यांची अमेरिकेत ‘स्वच्छ’ म्हणून जाहिरात झाली, त्यांत केवळ चाचणीच्या वेळीच विषारी वायू कमी दिसावेत अशी व्यवस्था होती, हे २०१५ मध्ये उघडकीस आले. कंपनीला प्रचंड दंड व भरपाई द्यावी लागली आणि वर्षानुवर्षे मिळविलेला लौकिकही गेला.

टक्केवारीचा हिशेब

प्रत्येक वेळी खोटेच सांगितले जाते असे नाही. पुष्कळदा आकडा खरा असतो, पण त्याचा अर्थ वेगळा असतो. शाळेत फळ्यावर मांडता येईल असा एक काल्पनिक हिशेब पाहू.

एक कारखाना दररोज ५० टन माल तयार करतो आणि टनामागे २० घनमीटर पाणी वापरतो. म्हणजे रोजचा वापर १,००० घनमीटर, अर्थात १० लाख लिटर. पुढे त्याने यंत्रे सुधारली. आता टनामागे १६ घनमीटर पाणी पुरते. ‘पाण्याच्या वापरात २० टक्के बचत’ असे चित्र तो मोबाइलवर पाठवितो. हे विधान असत्य नाही. परंतु त्याच काळात उत्पादन वाढून ८० टन झाले. ८० गुणिले १६ म्हणजे रोजचा वापर १,२८० घनमीटर झाला. नदीतून पूर्वीपेक्षा दररोज २ लाख ८० हजार लिटर पाणी अधिक उचलले जाऊ लागले. जल जीवन मिशनच्या माणशी दररोज ५५ लिटर या प्रमाणाने हे सुमारे ५,००० लोकांचे पाणी होय.

येथे कारखान्याने कार्यक्षमता वाढविली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु नदीकाठच्या गावाला टनामागील आकड्याइतकाच एकूण आकडाही हवा असतो. म्हणून कोणताही दावा समोर आला की चार प्रश्न विचारावेत. दावा नेमका कशाविषयी आहे? आकडा किती व कशाच्या तुलनेत आहे? तो कोणत्या वर्षाचा आहे? आणि त्याची तपासणी कोणी केली? या चारांपैकी एकाचेही उत्तर मिळत नसेल, तर ती माहिती नसून केवळ जाहिरात आहे, असे समजावे.

कायदा काय सांगतो?

हे प्रश्न विचारण्यास आता कायद्याचाही आधार आहे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. असे काम करताना कारखान्याच्या परिसरास प्राधान्य द्यावे, असे कायदा सांगतो. संकेतस्थळ असलेल्या कंपनीने मंजूर प्रकल्पांची माहिती त्यावर देणे बंधनकारक आहे.

सेबीने २०२१ मध्ये व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवालाची पद्धत आणली. शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या १,००० कंपन्यांना आर्थिक वर्ष २०२२-२३ पासून हा अहवाल देणे आवश्यक झाले. पाणी, ऊर्जा, कचरा, कामगारांची सुरक्षितता यांचे आकडे त्यात असतात.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांना आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. ‘पर्यावरणस्नेही’, ‘हरित’, ‘नैसर्गिक’ असे मोघम शब्द पुरेशा पुराव्याखेरीज वापरता येत नाहीत. तांत्रिक शब्दांचा अर्थ ग्राहकाला समजेल अशा भाषेत सांगावा लागतो. भविष्यात अमुक करू, असे म्हणावयाचे तर त्यासाठी निश्चित कृतियोजना तयार असावी लागते. अशा दाव्याविषयी ग्राहकाला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदविता येते.

याशिवाय, ज्या प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते, त्यांनी दरवर्षी १ जून व १ डिसेंबर रोजी अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल सादर करावयाचा असतो. हे अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहेत. मंजुरीची प्रत ग्रामपंचायतीकडे देणे आणि पंचायतीने ती ३० दिवस फलकावर लावणे, अशीही तरतूद आहे.

उद्योगांनी कसे सांगावे?

कागदोपत्री माहिती उपलब्ध असणे आणि ती लोकांपर्यंत पोहोचणे, यांत मोठे अंतर आहे. शेकडो पानांचा इंग्रजी अहवाल संकेतस्थळावर ठेवला, म्हणजे कारखान्याशेजारच्या शेतकऱ्यास माहिती मिळाली, असे म्हणता येत नाही. बऱ्हाणपुरात मराठी, हिंदी, उर्दू, निमाडी व कोरकू अशा भाषा बोलल्या जातात. तेथील उद्योगाने अहवालाचा दोन पानी सारांश या भाषांत काढावा आणि वाचता न येणाऱ्यांसाठी तो ध्वनिमुद्रित करून व्हॉट्सअॅपवर पाठवावा.

समाजमाध्यमाचे खरे सामर्थ्य चकचकीत चित्रफितीत नसून संवादात आहे. वृत्तपत्रातील जाहिरातीला वाचक उलट प्रश्न विचारू शकत नाही. येथे तो विचारू शकतो. तेव्हा प्रश्नाला ठरावीक मुदतीत उत्तर द्यावे, अडचणीचा प्रश्न पुसून टाकू नये, आणि जे उद्दिष्ट साध्य झाले नाही तेही कारणासह सांगावे. वृक्षारोपणाच्या दिवशीचे छायाचित्र सर्वच प्रसिद्ध करतात. तीन वर्षांनी त्यांपैकी किती झाडे जगली, हे सांगणाऱ्यावर लोकांचा विश्वास बसतो.

लहान उद्योगांनाही हा मार्ग खुला आहे. बऱ्हाणपूर जिल्ह्यातील महिला बचतगटांनी केळीच्या खोडापासून धागा काढून वस्तू तयार करण्यास आरंभ केला आहे. घड उतरविल्यानंतर टाकून दिले जाणारे खोड, त्यातून निघणारा धागा आणि त्यापासून विणलेली टोपी, हा क्रम साध्या मोबाइलवर चित्रित करता येतो. त्यास अलंकारिक शब्दांची आवश्यकता नाही.

ग्रामपंचायत, शाळा आणि नागरिक

सर्वांकडे मोबाइल नसतो, असला तरी तो बहुधा घरातील एकाच माणसाच्या हाती असतो. म्हणून ग्रामपंचायतींनी परिसरातील उद्योगांच्या अहवालातील मुख्य आकडे फलकावर लिहावेत आणि वर्षातून एकदा ते ग्रामसभेत वाचून दाखवावेत. अधिकाऱ्यांनी हे अहवाल कोठे व कसे पाहावयाचे, याचे प्रात्यक्षिक ग्रामसेवक व पंचायत सचिवांना द्यावे. शिक्षकांनी वरच्या वर्गांत एखादा दावा निवडून चार प्रश्नांचा अभ्यास करून घ्यावा. गणित, विज्ञान व नागरिकशास्त्र या तिन्ही विषयांचा त्यात सहज मेळ बसतो.

नागरिकांवरही जबाबदारी आहे. मेलेल्या माशांचे दुसऱ्याच नदीवरचे जुने छायाचित्र आजचे म्हणून पुढे पाठविणे, हाही असत्य दावाच होय. त्याने प्रदूषण थांबत नाही. कारखान्यातील कामगारांची उपजीविका मात्र विनाकारण धोक्यात येते आणि पुढे खरी तक्रार आली तरी तिच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. प्रदूषण आढळल्यास ठिकाण, दिनांक व वेळ यांसह छायाचित्र घेऊन प्रथम प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे व ग्रामपंचायतीकडे लेखी तक्रार करावी. जी कसोटी उद्योगाला, तीच गावाला.

नळाला पाणी आले की नाही, हे ठरविण्याचा अधिकार बऱ्हाणपूरच्या गावांनी ग्रामसभेत बजावला. त्यामुळे खात्याचे काम कमी लेखले गेले नाही. उलट त्यावर विश्वासाची मोहोर उमटली. उद्योगांनीही आपले दावे याच रीतीने गावापुढे मांडले, तर समाजमाध्यम हे केवळ प्रसिद्धीचे साधन न राहता हिशेब देण्याचे साधन होईल. तापीचे पाणी कारखान्यालाही हवे आहे आणि शेतालाही. त्या पाण्याचा हिशेब उघड्यावर असणे, यातच दोघांचे हित आहे.