मानोहानेही विचारले

गरोदर होणाऱ्या मानोहाच्या पत्नीला मद्य वर्ज्य करण्यास सांगितले होते (शास्ते 13). आईने घेतलेली दारू वारेतून बाळाच्या रक्तात जाते. मेंदूला झालेली इजा जन्मभर राहते. ‘एवढी चालेल’ असे सुरक्षित माप नाही. मोहाची घरची दारूही दारूच.

मग बाईलाच रागावावे काय? दिवस गेल्याचे सुरुवातीला तिलाही ठाऊक नसते. नवरा पितो, सणाला सासू पेला पुढे करते, नाही म्हणणे जड जाते. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, पण कायदा प्रत्येक घराच्या उंबऱ्याआत पोचतोच असे नाही.

मानोहाने मात्र आपण काय करावे हे स्वतः विचारून घेतले. पाड्यावर भेटीला जाल तेव्हा नवऱ्याला आणि सासूलाही जवळ बसवा.