लाकडाचे शत्रू

खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांत लाकडी तुळयांवर मातीचे जड धाबे असते. तुळई आतून पोखरली गेली, तर धाबे कोसळण्याचे भय असते. म्हणून लाकूड पोखरणारा कीटक कोणता, हे वेळीच ओळखले पाहिजे.

भिंतीवरून लाकडापर्यंत मातीची बारीक नळी गेलेली दिसली, तर ती वाळवी समजावी. पहिल्या पावसानंतर तिचे पंखवाले कीटक दिव्याभोवती जमतात. पंखवाल्या मुंग्याही तशाच दिसतात; परंतु मुंगीची कंबर बारीक असून पुढचे पंख मागच्यांहून लांब असतात. वाळवीची कंबर जाड व चारही पंख सारखे असतात.

लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी भोके पडून खाली पिठासारखी भुकटी साचली, तर तो घुण होय. वाळलेल्या बांबूलाही तो लागतो. करंगळी जाईल एवढे वाटोळे भोक मात्र काळ्या भुंग्याचे असते. तो लाकूड खात नाही, केवळ त्यात घर करतो. शिवाय फुलांचे पराग वाहून पिकांना साह्यही करतो.

वाळवीला ओल हवी असते. गळके धाबे वेळीच दुरुस्त केले, तर तिचे निम्मे बळ सरते. घुणाला ओल लागत नाही. त्यासाठी लाकूडच पारखून घ्यावे लागते. शत्रू ओळखल्यावाचून केलेला उपाय व्यर्थ जातो.

स्वाध्याय : वाळवी व मुंगी यांतील दोन भेद सांगा.