एक्स्पोर्टचा काटा कुठे अडतो

एक्स्पोर्ट म्हणजे टाइमलाइनवर रचलेल्या तुकड्यांतून एकसंध व्हिडिओ फाइल तयार करणे. हे काम नुसत्या ‘सेव्ह’सारखे नसते. मूळ क्लिपमधली प्रत्येक फ्रेम आधी उलगडावी लागते, म्हणजे डीकोड करावी लागते. मग तिच्यावर रंगदुरुस्ती, शीर्षके आणि इतर परिणाम चढतात, ती ठरलेल्या मापात बसवली जाते आणि अखेर पुन्हा दाबून, म्हणजे एन्कोड करून, डिस्कवर लिहिली जाते. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर ४५ मिनिटांच्या चित्रफितीत ८१,००० फ्रेम भरतात. फोर-के चित्रात (३८४० × २१६०) एका फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख बिंदू असतात, फुल एचडीच्या बरोबर चौपट. या साखळीत जी कडी सर्वांत सावकाश चालते तीच बहुतांशी एकूण वेळ ठरवते, म्हणून कोणताही सुटा भाग विकत घेण्याआधी ती कडी कोणती हे शोधावे लागते.

प्रस्तुत लेखकाने हा क्रम उलटा लावला. घरच्या मुंजीचे चित्रण दोन फोन आणि एका कॅमेऱ्यावर फोर-केमध्ये झाले होते. संगणक सहा कोअरचा, रॅम ८ जीबी, साठवण एका जुन्या हार्ड डिस्कवर. रात्री साडेनऊला लावलेले एक्स्पोर्ट पहाटे चारला संपले आणि सकाळी पाहताना श्रेयनामावलीत बटूच्या मामांचे नाव चुकलेले आढळले. एक अक्षर बदलायला आणखी एक रात्र गेली. मंद एक्स्पोर्टचा खरा जाच हा असतो. वाट पाहावी लागते ते एक वेळ चालते, पण दुरुस्ती करण्याची उमेदच त्यात संपते आणि चुका तशाच ठेवून चित्रफीत वाटली जाते. त्यानंतर रॅम ३२ जीबी केली, एनव्हीएमई एसएसडी बसवली. टाइमलाइन सरसर चालू लागली, पण एक्स्पोर्ट जेमतेम २० मिनिटांनी घटले.

कारण संगणकातच दिसत होते, फक्त पाहिले नव्हते. विंडोजमध्ये एक्स्पोर्ट चालू असताना टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’ या भागात जावे. या बदलांनंतरच्या एक्स्पोर्टवेळी तिथे प्रोसेसर १०० टक्क्यांना टेकलेला होता, ३२ पैकी ११ जीबी रॅम वापरात होती, डिस्कचा आलेख २-३ टक्क्यांवर रेंगाळत होता. ग्राफिक्स कार्डाच्या पानावर ‘व्हिडिओ डीकोड’चा आलेख होता, ‘व्हिडिओ एन्कोड’चा मात्र यादीतच नव्हता. स्वस्तात घेतलेल्या त्या कार्डात एन्कोडर नव्हता आणि प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नव्हते. सगळे दाबकाम प्रोसेसरच्या कोअरवर पडत होते.

एन्कोडिंगसाठी चिपमध्ये वेगळे मंडल असते, ही गोष्ट घरगुती संपादकाने सर्वप्रथम जाणून घ्यावी. इंटेलने २०११ मध्ये क्विक सिंक आणले, एनव्हिडियाने २०१२ मध्ये एनव्हेंक. एएमडी आणि ॲपलच्या चिपमध्येही असे मंडल असते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असते त्यात अंगभूत ग्राफिक्स चालत नाही, त्यामुळे क्विक सिंकही मिळत नाही. असा प्रोसेसर घेऊन केलेल्या बचतीची झळ गेम खेळणाऱ्याला लागत नाही, संपादकाला लागते. कार्ड घेताना मेमरी किती जीबी एवढेच न विचारता, त्यात एच.२६४ आणि एचईव्हीसी या व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतींचा एन्कोडर आहे का, हे उत्पादकाच्या तक्त्यात पाहावे.

मंडल असूनही ते वापरले जाईलच असे नाही. ॲडोबी प्रीमियरच्या एक्स्पोर्ट सेटिंगमध्ये ‘हार्डवेअर एन्कोडिंग’ आणि ‘सॉफ्टवेअर एन्कोडिंग’ असे दोन पर्याय असतात. शॉटकट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘यूज हार्डवेअर एन्कोडर’ अशी चौकट असते. टू-पास निवडले तर सॉफ्टवेअर सगळी चित्रफीत दोनदा चाळते आणि वेळ दुपटीकडे जातो. तितक्याच बिटरेटला, म्हणजे सेकंदाला तितकेच बिट वापरून, हार्डवेअर एन्कोडरचे चित्र सॉफ्टवेअरच्या सावकाश एन्कोडिंगपेक्षा किंचित कमी प्रतीचे येऊ शकते. बिटरेट थोडा वाढवला की घरगुती कामात हा फरक उरत नाही. यूट्यूबवर जाणारा व्हिडिओ तिथे पुन्हा एन्कोड होतोच. सेकंदाला ३० फ्रेमच्या साध्या, म्हणजे एचडीआर नसलेल्या चित्रणासाठी यूट्यूब फुल एचडीला ८ आणि फोर-केला ३५ ते ४५ मेगाबिट प्रतिसेकंद सुचवते. जी चित्रफीत नातेवाईक फोनवरच पाहणार, ती फोर-केमध्ये काढण्याचा हट्ट सोडला तर निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

दुसरी अडचण मूळ चित्रणाची. फोन आणि कॅमेरे जागा वाचवण्यासाठी प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाहीत, बहुतेक फ्रेमचा आधीच्या-नंतरच्या फ्रेमशी असलेला फरक तेवढा साठवतात. एचईव्हीसीमध्ये हे गणित आणखी गुंतागुंतीचे होते. कॅमेरा १०-बिट ४:२:२ या अधिक रंगमाहितीच्या पद्धतीत चित्रण करत असेल तर आपल्या कार्डाचा डीकोडर ते उलगडतो का, हे तपासून घ्यावे. उलगडत नसेल तर तो भारही प्रोसेसरवर येतो. प्रॉक्सी, म्हणजे हलक्या प्रती, केल्या की एक्स्पोर्टही वेगाने होईल हा समज चुकीचा आहे. प्रॉक्सीने संपादन सुसह्य होते, एक्स्पोर्ट एरवी मूळ फाइलींवरूनच होते. फोनच्या चित्रणात फ्रेमची गती कमी-जास्त होत असते. त्याने मंत्र आणि ओठ यांचा मेळ सुटतो, म्हणून अशा क्लिप हँडब्रेकसारख्या मोफत साधनाने आधी स्थिर गतीत आणलेल्या बऱ्या.

तिसरी कडी परिणामांची, आणि सर्वाधिक वेळ गुपचूप इथेच जातो. संध्याकाळच्या भिक्षावळीचे चित्रण अंधारातले, दाणेदार होते. ते स्वच्छ करण्यासाठी डीनॉइजचा फिल्टर वापरला, पण तो भिक्षावळीच्या ४ मिनिटांना न लावता सबंध टाइमलाइनला लावला गेला होता. हा फिल्टर प्रत्येक फ्रेमच्या आजूबाजूच्या फ्रेम तपासतो, त्यामुळे भर दुपारी उन्हात टिपलेल्या प्रसंगांवरही तो तितकाच राबत होता. तो फक्त त्या ४ मिनिटांवर ठेवला आणि सहा तासांपेक्षा जास्त चालणारे एक्स्पोर्ट तीन तासांच्या आत आले, एक रुपयाही खर्च न होता. एन्कोडर असलेले मध्यम कार्ड बसवल्यावर तेच काम तासाभरात होऊ लागले. असे जड तुकडे एकदाच प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या संपादनासाठीच्या फॉरमॅटमध्ये काढून टाइमलाइनवर ठेवावेत. नाव दुरुस्त करताना ते पुन्हा भरडले जात नाहीत.

रॅम फोर-केसाठी निदान १६ जीबी, जमल्यास ३२ जीबी असावी. अंगभूत ग्राफिक्स असेल तर एका मोठ्या पट्टीऐवजी दोन सारख्या पट्ट्या बसवाव्यात, कारण ते ग्राफिक्स याच मेमरीवर चालते. डिस्कचा धाक मात्र अवाजवी आहे. १०० मेगाबिटची क्लिप वाचायला सेकंदाला साडेबारा मेगाबाइट लागतात आणि साधी हार्ड डिस्कही सलग वाचनात त्याच्या कितीतरी पट देते. एसएसडीचा उपयोग संपादनात आहे, तो तिथे भरपूर जाणवतो. थेट पेनड्राइव्हवर एक्स्पोर्ट करणे टाळावे. तिचे लेखन सावकाश असते, शिवाय फॅट३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

लॅपटॉपमध्ये उष्णता हा स्वतंत्र विषय ठरतो. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी गती उतरवतो, म्हणून पहिली दहा मिनिटे वेगाने सरकलेली पट्टी पुढे रांगू लागते. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी पारा ४५ अंशांजवळ जातो. तिथे मोठे एक्स्पोर्ट रात्री लावलेले चांगले. लॅपटॉप गादीवर न ठेवता टेबलावर, तळाला हवा लागेल असा ठेवावा आणि चार्जर जोडलेला असावा. पंख्यात आणि जाळीत साचलेली धूळ वर्षातून एकदा तरी काढून घ्यावी.

डेस्कटॉपला यूपीएस लागतोच. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका सहसा अगदी शेवटी लिहिली जाते. लोडशेडिंगमुळे काम मध्येच तुटले तर डिस्कवर काही जीबी उरूनही ती फाइल उघडत नाही. वीज बेभरवशाची असेल तिथे सॉफ्टवेअर एमकेव्हीची सोय देत असल्यास तीत एक्स्पोर्ट करावे. तुटलेल्या एमकेव्हीतला तोवरचा भाग बहुधा पाहता येतो आणि पूर्ण झालेली फाइल पुन्हा एन्कोड न करता काही मिनिटांत एमपी४ मध्ये बदलता येते.