सड्यावरच्या उन्हात कोणता बूट?

प्रश्न : आम्ही मालवण-कट्टा भागातली काही निवृत्त मंडळी दिवाळीनंतर ते एप्रिलपर्यंत दर रविवारी कुठेतरी पायी जातो. कधी कुडोपीचा सडा, कधी मसुऱ्याचा भरतगड, तर कधी नारूरच्या बाजूने रांगण्याची चढण. भाच्याने पुण्याहून महागाचे ट्रेकिंगचे बूट पाठवले. घोट्याच्या वरपर्यंत येणारे, चामड्याचे आणि जलरोधक. पेटीवर ‘हवेशीर’ असंही छापलंय. प्रत्यक्षात दहा वाजले की पाय उकडून निघतात, मोजे पिळून काढावे लागतात. पाणी आत येऊ न देणारा बूट हवेशीर कसा असेल? आणि आमच्या इथल्या कोरड्या, गरम दिवसांसाठी हलका बूट घ्यायचा तर काय बघून घ्यावा?

उत्तर : पेटीवरचा शब्द अगदीच खोटा नाही, पण तो मालवणात बसून लिहिलेला नाही, एवढं नक्की.

जलरोधक बुटात चामड्याच्या आत एक पातळ पडदा असतो. 1969 मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्यात ताणून तो सच्छिद्र करता येतो हे दाखवलं आणि त्यातून हा सगळा धंदा उभा राहिला. पडद्याची छिद्रं इतकी बारीक असतात की पाण्याचा थेंब त्यांतून शिरत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. इथवर पेटीचं म्हणणं बरोबर. मात्र वाफ आपणहून बाहेर पडत नाही. आतला बाष्पदाब बाहेरच्यापेक्षा जास्त असेल, तरच ती निघते, आणि जेवढा फरक मोठा तेवढी ती जोरात निघते.

ढोबळ हिशोब करून पाहू. घामेजलेल्या पायाभोवतीची हवा 35 अंशांची आणि बाष्पाने भरलेली धरली, तर तिचा बाष्पदाब सुमारे 56 हेक्टोपास्कल येतो. हिमालयात पाच अंश तापमानात बाहेरचा बाष्पदाब असतो पाच-सहा. म्हणजे फरक पन्नासाचा, आणि वाफेला बाहेर पडायची घाई. मालवणात एप्रिलमध्ये पारा 32 आणि दमटपणा 65 टक्के असला, तर बाहेरच तीसेक हेक्टोपास्कल असतात. फरक निम्म्यावर येतो. त्यात मध्ये चामडं, अस्तर आणि पडदा असे तीन अडसर. पायांवर मिळून अडीच लाखांच्या आसपास घर्मग्रंथी असतात, त्या काही थांबत नाहीत. म्हणून मोजे पिळावे लागतात.

तुम्ही ‘कोरडे दिवस’ लिहिलंत, तिथेच खरी मेख आहे. डिसेंबर ते एप्रिल आपला कातळ कोरडा असतो, गवत वाळलेलं असतं, वाटेत पाणी शोधावं लागतं. हवा मात्र समुद्राकाठची. राजस्थानात किंवा मराठवाड्यात उन्हाळी बूट निवडणाऱ्याला जमीन आणि हवा दोन्ही कोरड्या मिळतात. आपल्याला एकच मिळते. त्यामुळे इथे बूट निवडताना बाहेरच्या पाण्याची चिंता बाजूला ठेवायची आणि आतलं पाणी बाहेर कसं पडेल ते पाहायचं.

हे शहाणपण नवं नाही. दुसऱ्या महायुद्धात पनामाच्या जंगलात अमेरिकी सैन्याने चामड्याऐवजी कॅनव्हासच्या वरच्या भागाचे बूट वापरून पाहिले. पुढे व्हिएतनामच्या काळात अशा बुटांना तळव्याच्या आतल्या बाजूला पाणी निथळायची भोकंच ठेवली. पाय ओला होणारच, तेव्हा तो लवकर सुकू दे, हा त्यामागचा विचार. तुमच्या गरजेला तोच लागू पडतो.

म्हणून पडदा नसलेला, जाळीच्या कापडाचा, घोट्याखाली संपणारा बूट घ्या. चालताना पाऊल दुमडतं तेव्हा असा बूट भात्यासारखी आतली हवा बाहेर टाकतो आणि बाहेरची आत ओढतो. दुकानात साधी परीक्षा करता येते. बूट उजेडाकडे धरून आत डोकवा. जाळीतून उजेडाचे ठिपके दिसले पाहिजेत. बऱ्याच बुटांना वरून जाळी आणि आतून फोमचं जाड अस्तर असतं. ती जाळी नुसती शोभेची. जिभेलाही गुबगुबीत गादी नको, कारण घाम सगळ्यात आधी तिथे मुरतो आणि सुकतो सगळ्यात शेवटी. रंग फिका घ्या. मळका दिसेल, पण काळा बूट दुपारच्या सड्यावर विनाकारण तापतो.

जाळी मात्र कोणतीही चालणार नाही, आणि इथे आपला जांभा मध्ये येतो. जांभा खरबरीत, भोकाभोकांचा दगड. कोरडा असताना त्याच्यावर पाय सुंदर बसतो, पण कडा कानशीसारख्या घासतात. धावपटूंचे तलम जाळीचे बूट सड्यावर एका हंगामात चवड्याच्या बाजूला फाटतात. घट्ट विणीची जाळी, बोटांसमोर रबराची टोपी आणि बाजूने तीन-चार बोटं उंचीपर्यंत जाड कापडाची पट्टी, एवढं असलंच पाहिजे. वाळलेल्या गवताचं कुसळ हा दुसरा शत्रू. विरळ जाळीतून ते थेट मोज्यात शिरतं आणि मग करवंदीच्या जाळीशेजारी एका पायावर उभं राहून ते उपटत बसावं लागतं. तारकर्ली-देवबागच्या पुळणीवरची बारीक वाळूही जाळीतून आत जाते. तिथे सरळ बूट हातात घ्यावेत. वाळूत बूट घालून चालण्यात कसलाही फायदा मला तरी दिसलेला नाही.

वजनाबद्दल. पायातलं एक पौंड म्हणजे पाठीवरची पाच, असं गिर्यारोहक फार पूर्वीपासून म्हणतात. मोजमापाची भाषा हवी असेल तर एका बुटात 100 ग्रॅम वाढले की चालण्या-धावण्याचा ऊर्जाखर्च साधारण एक टक्क्याने वाढतो. तुमच्याकडच्यासारखा चामड्याचा जोड बाराशे ते दीड हजार ग्रॅम भरतो आणि जाळीचा सहाशे-सातशे. म्हणजे दर पायामागे तीन-चारशे ग्रॅमचा फरक. नारूरहून रांगण्याच्या चढावर हजारो पावलं उचलायची असतात, तिथे तो मांड्यांना कळतो.

घोटा उघडा राहिला तर मुरगळणार नाही का, असं तुमच्यातलं कोणीतरी विचारेलच. उंच बुटाने घोट्याला आधार मिळतो हे खरं, पण पाठीवर मोठं ओझं नसताना आणि वाट ओळखीची असताना त्याची गरज मला पटत नाही. बूट टाचेला घट्ट बसणं जास्त महत्त्वाचं. हातात काठी असली तर उत्तमच. ज्याचा घोटा आधी दुखावलेला आहे किंवा गुडघ्याचं दुखणं आहे, त्याने डॉक्टरांना विचारून ठरवावं.

सोल रबराचाच हवा. इटलीचे गिर्यारोहक विताले ब्रामानी यांनी 1935 मध्ये आल्प्समध्ये सहा सोबती गमावल्यानंतर खाचांचा रबरी सोल बनवायचा ध्यास घेतला आणि 1937 मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. ‘व्हिब्रम’ हे नाव तिथलं. पण आपल्या सड्यावर खोल खाचा लागत नाहीत. सपाट, कठीण कातळावर जितकं जास्त रबर टेकेल तितकी पकड चांगली, त्यामुळे तीन-चार मिलिमीटरच्या खाचा पुरतात. गडाच्या उतारावर सुट्या खडीवर मात्र गुळगुळीत झालेला सोल दगा देतो. सह्याद्रीतल्या ट्रेकर मंडळींत पकडीसाठी वर्षानुवर्षं ‘अ‍ॅक्शन ट्रेकिंग’चं नाव निघतं आणि किंमतही खिशाला झेपणारी आहे. पकडीपुरता तो सल्ला चांगला, पण तोही जोड उजेडाकडे धरून पाहिल्याशिवाय उन्हाळ्यासाठी घेऊ नका.

माप संध्याकाळी द्या. उन्हात चालून पाय सुजतात, सकाळी बरोबर बसलेला बूट दुपारी अंगठ्याला टोचतो. चालायला वापरणार तेच मोजे घालून दुकानात जा आणि पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवा. मोजे सुती नकोत, हे आपल्याकडे कोणाला पटत नाही. सूत घाम पितं, पण सोडत नाही. ओलं सूत कातडीवर घासलं की फोड आलाच. पातळ कृत्रिम धाग्याचे मोजे घ्या, एक जादा जोड पिशवीत टाका आणि न्याहारीला बसाल तेव्हा बदला. खर्चाच्या मानाने पायाला सगळ्यात जास्त सुख याच सवयीतून मिळतं.

मग पट्ट्यांची सँडल का नको? हवेला तिच्यासारखं दुसरं काही नाही, आणि आपल्याकडची निम्मी माणसं साध्या वहाणांवर सडे ओलांडतात. सकाळच्या उजेडात, मळलेल्या वाटेवर खुशाल वापरा. माझी अडचण फुरशाची आहे. फुरसं सड्यावरच्या सुट्या दगडांखाली दडून बसतं, रंगाने मातीत मिसळून जातं आणि चावतं ते बहुधा बोटांना, पावलाला किंवा घोट्यालाच. ब्रिटिशांच्या काळात जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात, ज्यात तेव्हा मालवण होतं, फुरशी मारण्यासाठी सरकार बक्षीस देत असे, इतका त्याचा उपद्रव होता. जाळीच्या बुटाला चिलखत समजू नका, पण उघड्या बोटांपेक्षा तो बरा. दगडावर बसायच्या आधी काठीने दगड वाजवा. दंश झालाच तर बांधणं, कापणं असले उद्योग न करता सरळ सरकारी रुग्णालय गाठा.

कुडोपीला जाता म्हणून एक सांगतो. तिथली कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. ती जांभ्यावरच कोरलेली आहेत आणि सगळ्याच रेषा काही खोल नाहीत. बूट कितीही मऊ असला तरी पाऊल चित्राबाहेर राहू द्या.

भाच्याच्या बुटांचं काय? ते चांगले आहेत, फक्त त्यांची जागा वेगळी आहे. उत्तराखंड-हिमाचलला थंडीत जाणार असाल तेव्हा ते उपयोगी पडतील. पावसाळ्यात इथे उपयोगी पडतील या आशेने ठेवू नका. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात पाणी वरून, घोट्याच्या तोंडातून आत येतं आणि मग तोच पडदा ते बाहेर जाऊ देत नाही.

ते कपाटात ठेवणार असाल तर आमच्या दमट हवेची आणखी एक खोड माहीत असू द्या. पुष्कळ महागड्या बुटांच्या सोलमधला मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतलं बाष्प वर्षानुवर्षं त्याचे बंध तोडत राहतं आणि न वापरता ठेवलेल्या बुटाचा सोल एक दिवस चालता चालता भुगा होऊन गळून पडतो. ईव्हीए नावाच्या फोमला हा रोग होत नाही, तो फक्त दबून चपटा होतो. म्हणून नव्या जोडाला मधला थर ईव्हीएचा आहे का ते विचारा. जुना जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून हवेशीर जागी ठेवा आणि अधूनमधून घराभोवती घालून फिरा.

घालण्याआधी प्रत्येक वेळी उलटा करून आपटायला विसरू नका. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिनचा उपाय पुढे आणण्याआधी कोकणात लाल विंचवाच्या दंशाने किती माणसं जात, ते तुमच्या वयाच्या मंडळींना मी सांगायला नको. विंचवाला अंधारी, कोरडी जागा आवडते, आणि ओसरीवर ठेवलेल्या बुटाइतकी सोयीची जागा त्याला दुसरी कुठली मिळणार?