‘नम’ : एका इंग्रजी क्रियापदाचा अभ्यास

आपल्या निवासी शाळेत इंग्रजीच्या तासाला एक रीत आहे. नवा शब्द शिकविला की तो पाठ करण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने त्याचे एक वाक्य स्वतःच्या अनुभवातून लिहावयाचे. अशा रीतीने शिकविलेला एक शब्द आमच्या कायमचा स्मरणात राहिला. या स्मरणिकेच्या निमित्ताने तो आपणांपुढे मांडीत आहोत.

तो शब्द म्हणजे ‘नम’. लिहिताना त्याच्या शेवटी ‘बी’ हे अक्षर येते. उच्चारात ते नाही. अंगठ्यासाठी असलेल्या ‘थम’ या शब्दाचीही तीच गत आहे. आपल्या ‘नमन’, ‘नम्र’ या शब्दांशी त्याचे काही नाते नाही. जुन्या इंग्रजीत ‘घेणे, पकडणे’ या अर्थाचे ‘निमन’ असे क्रियापद होते, त्यापासून हा शब्द आला. थंडीने किंवा पक्षाघाताने ‘पकडलेला’, म्हणजे ज्याची जाणीव हिरावून घेतली गेली आहे असा अवयव, हा त्याचा मूळ अर्थ होय.

हा शब्द विशेषण आहे, तसाच क्रियापदही आहे. ‘माय फिंगर्स आर नम’ म्हणजे माझी बोटे बधिर झाली आहेत. येथे तो विशेषण आहे. ‘द इंजेक्शन नम्ड माय गम’ म्हणजे इंजेक्शनने माझी हिरडी बधिर केली. येथे तो क्रियापद आहे. इंग्रजीत या क्रियापदाचे कर्म अवयव असू शकते आणि वेदनाही असू शकते. मराठीत मात्र आपण हिरडी बधिर करतो, पण वेदना शमवितो. ‘वेदना बधिर केली’ असे भाषांतर मुले वारंवार करतात, ते टाळावे.

या शब्दाचे सोबतीही ओळखून ठेवावेत. ‘डेडन’ हे क्रियापद वेदनेप्रमाणेच आवाजालाही लागते. जाड पडद्यामुळे बाहेरचा गोंगाट मंदावतो, तेव्हा ते वापरावे. ‘डल’ म्हणजे बोथट करणे. ते कोयत्याच्या धारेलाही चालते आणि दुःखाच्या धारेलाही. ‘बिनम’ हे ग्रांथिक रूप बोलण्यात क्वचित येते. ‘अ‍ॅनेस्थेटाइज’ म्हणजे भूल देणे. ते डॉक्टरांचे काम. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे ईथरची भूल देऊन शस्त्रक्रियेचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. त्यानंतर ‘अ‍ॅनेस्थेशिया’ हे नाव ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी सुचविले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘संवेदनेचा अभाव’ असा आहे.

आपल्या शब्दांचाही प्रवास पाहण्यासारखा आहे. संस्कृतात आणि पालीत ‘बधिर’ म्हणजे बहिरा. मराठीत तो शब्द कानावरून त्वचेवर आला. ‘सुन्न’ हे ‘शून्य’चेच बदललेले रूप. आणि ‘वेदना’ म्हणजे मराठीत केवळ दुखणे. पालीत मात्र सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली अशा तीनही अनुभूती वेदनाच होत. सतिपट्ठानात वेदनांकडे जागृतपणे पाहावयास सांगितले आहे, त्या बधिर करावयास नव्हे.

हा पाठ चालला असताना एका विद्यार्थ्याने वहीत वाक्य लिहिले. त्याचा आशय असा होता : ‘माझ्या दंडावरचा चट्टा नम आहे, चिमटा काढला तरी कळत नाही.’ व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य अचूक होते. आम्ही बरोबरची खूण केली, पुढची वही उघडली आणि क्षणभराने थांबलो. त्या संध्याकाळी मुलाला जवळ बसवून विचारले. चट्टा कित्येक महिन्यांचा होता. दुखत नाही, म्हणून त्याने कोणाला सांगितले नव्हते. पालकांना बोलावून घेतले आणि आम्ही सर्व सरकारी दवाखान्यात गेलो. तपासणीत कुष्ठरोगाचे निदान झाले. आईच्या डोळ्यांना धार लागली. डॉक्टरांनी मात्र शांतपणे गोळ्यांचे पाकीट तिच्या हाती ठेवले.

येथे पालकांनी काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. प्रत्येक चट्टा कुष्ठरोगाचा नसतो. परंतु फिकट किंवा लालसर चट्ट्यावरची जाणीव गेली असेल, तर तपासणी लांबवू नये. हा रोग औषधांनी पूर्ण बरा होतो. उपचार प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांचे असून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. उशीर झाल्यास मज्जातंतूंची हानी मात्र कायमची राहू शकते. बोटे झडतात ती रोगाने कुजून, अशी समजूत फार जुनी आहे. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, जाणीव गेल्याने भाजलेले, कापलेले कळत नाही आणि दुर्लक्षित जखमांतून अवयवाचा नाश होतो. दुखणे हा शरीराचा पहारेकरी आहे. आपल्या पनवेलजवळ नेरे येथील शांतिवनात कुष्ठरुग्णांसाठी काम चालते. तेथे हे समजून घेता येते.

तो विद्यार्थी वर्षभरात बरा झाला. वर्गात त्याचे बाक कोणी बदलले नाही, याचे समाधान आम्हांस अधिक वाटते.

या क्रियापदाचा लाक्षणिक अर्थही आहे. सवय मन बधिर करते. २५ सप्टेंबर १९३० रोजी या चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. नाग्या महादू कातकरी आणि त्यांचे सोबती हुतात्मे झाले. आपण दरवर्षी स्मारकावर फुले वाहतो. फुले वाहताना काहीच वाटेनासे झाले, तर त्या चट्ट्याप्रमाणे तीही तपासून घेण्याची खूण समजावी.

माजी विद्यार्थ्यांना एवढीच विनंती : पुढे कोठेही हा शब्द भेटला, तर त्याचे एक वाक्य पुन्हा स्वतःविषयी लिहून पाहावे. आणि कोणी तुमच्याजवळ तसे वाक्य बोलले, तर केवळ बरोबरची खूण करून पुढे जाऊ नये.