भुवईचा डोंगर

जपानच्या नैऋत्येस क्यूशू नावाचे मोठे बेट आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर शिमाबारा हा द्वीपकल्प समुद्रात शिरलेला आहे. नकाशात पाहिले तर अरुंद मानेने लोंबकळणाऱ्या एखाद्या फुगीर पखालीसारखा तो दिसतो. त्याच्या पूर्वेस आरिआके नावाचा उथळ, बंदिस्त समुद्र आहे. तेथे भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत काही ठिकाणी सहा मीटरपर्यंत फरक पडतो. ओहोटीच्या वेळी मैलोगणती चिखल उघडा पडतो आणि लोक त्यात शिंपल्या वेचतात. दक्षिणेची चिंचोळी सामुद्रधुनी ओलांडली की अमाकुसा बेटे लागतात.

या द्वीपकल्पाच्या मधोमध उन्झेन हा ज्वालामुखी उभा आहे. त्याला अनेक शिखरे आहेत. त्यांपैकी फुगेन हे एक. पूर्वेच्या पायथ्याशी, अगदी समुद्रकाठी, शिमाबारा हे शहर वसले आहे. शहराच्या पाठीशी ८१९ मीटर उंचीचा एक डोंगर आहे. त्याचे नाव मायुयामा, म्हणजे भुवईचा डोंगर.

या भूमीचा इतिहास मोठा दुःखद आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी येथील सरदार मात्सुकुरा याने शिमाबारास एक प्रचंड किल्ला बांधला. किल्ला त्याच्या ऐपतीबाहेरचा होता, आणि त्याचा भार पडला तो गरीब शेतकऱ्यांवर. त्यातील पुष्कळ शेतकरी ख्रिस्ती होते, आणि त्या धर्मास जपानात तेव्हा बंदी होती. जबर सारा, दुष्काळ आणि छळ यांनी गांजलेले शिमाबारा व अमाकुसा येथील लोक इ. स. १६३७ मध्ये बंड करून उठले. त्यांचा पुढारी अमाकुसा शिरो हा अवघा सोळा वर्षांच्या आसपासचा मुलगा होता. बायकामुलांसह तीस हजारांहून अधिक लोक समुद्रकाठच्या हारा या पडक्या किल्ल्यात जाऊन राहिले. जपानचा खरा सत्ताधीश असलेल्या शोगुनच्या लाखाहून अधिक सैन्याने त्यांना वेढा घातला. इ. स. १६३८ च्या एप्रिलमध्ये किल्ला पडला व आतील जवळजवळ सर्वांची कत्तल झाली. किल्ला बांधणाऱ्या सरदाराच्या मुलालाही पुढे देहान्त शिक्षा मिळाली. द्वीपकल्पाच्या दक्षिण भागातील गावे ओस पडली. ती पुन्हा वसविण्यासाठी दूरदूरच्या प्रांतांतून शेतकरी आणावे लागले.

दीडशे वर्षे गेली. इ. स. १७९२ च्या फेब्रुवारीत फुगेन शिखर जागे झाले. धूर निघू लागला, लाव्हारस सावकाश उतारावरून सरकू लागला. एप्रिलमध्ये धरणीकंपाचे जोरदार धक्के बसले, तेव्हा पुष्कळ लोक शहर सोडून गेले. मग धक्के कमी झाले आणि लोक हळूहळू घरी परतू लागले. आग दिसत होती ती फुगेनवर. घात झाला तो मात्र मायुयामाकडून. २१ मेच्या रात्री दोन भयंकर धक्के बसले आणि मायुयामाची समुद्राकडील अर्धी बाजू कोसळली. दगडमातीचा तो लोंढा शहराचा दक्षिण भाग गाडून समुद्रात घुसला. काठोकाठ भरलेल्या हौदात मोठा धोंडा टाकला म्हणजे पाणी जसे उसळते, तसा आरिआके समुद्र उसळला. सुमारे वीस किलोमीटर दूर, पलीकडच्या काठी, हिगो प्रांत होता. ज्यांनी डोंगर कोसळताना पाहिलाही नव्हता, त्यांच्या दारात अंधारातून लाटा येऊन आदळल्या. दोन्ही किनाऱ्यांवर मिळून सुमारे पंधरा हजार माणसे मेली; त्यांपैकी पाच हजारांच्या आसपास हिगो व अमाकुसा येथील होती. ‘शिमाबारात उत्पात, हिगोला ताप’ अशा अर्थाच्या नावाने जपानी लोक आजही या घटनेची आठवण काढतात. हिगोच्या किनाऱ्यावर पाणी कोठवर आले होते, ते सांगणारे दगड अजून उभे आहेत.

समुद्रात गेलेल्या डोंगराचे उंचवटे पाण्यावर राहिले आणि त्यांची चिमुकली बेटे बनली. त्यांना त्सुकुमोजिमा, म्हणजे नव्याण्णव बेटे, असे म्हणतात. नव्याण्णव म्हणजे येथे ‘पुष्कळ’ एवढेच समजावयाचे. काही बेटे लाटांनी झिजून नाहीशी झाली. उरलेल्यांवर पाइन वृक्ष डोलताना दिसतात.

त्यानंतर १९८ वर्षे फुगेन निजून होता. नोव्हेंबर १९९० मध्ये तो पुन्हा जागा झाला. या वेळचा लाव्हारस इतका घट्ट होता की तो वाहून न जाता शिखरावरच घुमटासारखा साचे. त्या घुमटाचे कडे तुटले की तापलेले दगड, राख आणि वायू यांचा एकच ढग होऊन प्रचंड वेगाने दरीतून खाली धावत असे. त्याच्यापुढे पळून सुटणे शक्य नसते. ३ जून १९९१ रोजी अशाच एका ढगात ४३ माणसे सापडली. त्यांत वार्ताहर होते, आग विझविणारे स्वयंसेवक होते, आणि ज्वालामुखीचा अभ्यास करण्यासाठी परदेशांतून आलेले तीन शास्त्रज्ञही होते. त्याच वर्षी सप्टेंबरात ओनोकोबा येथील प्राथमिक शाळा जळाली. तो भाग आधीच रिकामा केलेला असल्यामुळे मुले वाचली. शाळेचे जळके भिंताड तसेच जपून ठेवले आहे.

शहराचा मध्यभाग मात्र बचावला. फुगेन आणि शहर यांच्यामध्ये मायुयामा आडवा उभा होता. आगीचे ढग त्याला वळसा घालून दुसऱ्या दऱ्यांत उतरले. दोनशे वर्षांपूर्वी ज्याने शहर गाडले, त्यानेच आता ते पाठीशी घातले. इ. स. १९९५ मध्ये उद्रेक थांबला, तेव्हा फुगेनच्या शेजारी १४८३ मीटर उंचीचे एक नवे शिखर तयार झाले होते.

आज शिमाबारात ठिकठिकाणी जमिनीतून गोड पाण्याचे झरे फुटतात. एक तळे तर १७९२ च्या धरणीकंपातच निर्माण झाले. जुन्या वस्तीत घरांसमोरून दगडी पाट गेले आहेत. त्यांच्या नितळ पाण्यात तांबडे-पांढरे मासे पोहत असतात, आणि मान वर केली की घरांच्या छपरांवरून मायुयामाची उघडी, तुटकी कड दिसते.