स्टाइल लावली, तरी मजकूर ऐकत नाही?

दिवाळी अंकाची पानं इनडिझाइनमध्ये लावताय. 'मुख्य मजकूर' ही पॅराग्राफ स्टाइल अख्ख्या लेखाला दिली, तरी मधलेच दोन परिच्छेद मोठ्या टायपात बसलेत, एका ओळीच्या वर जास्त जागा सुटलीय आणि स्टाइलच्या नावापुढे छोटंसं + चिन्ह दिसतंय. काळजी करू नका, हा गुंता नक्की सुटतो. फक्त दोन गोष्टी पाळा. टायपाचा आकार हाताने बदलून वेळ मारून नेऊ नका आणि खालचा क्रम मोडू नका. लेखकाने ठळक केलेले शब्द आधी सुरक्षित करायचे, मगच साफसफाई. उलटं केलंत तर ते शब्द बाकी मजकुरात मिसळून जातील आणि पुन्हा मूळ प्रत घेऊन एकेक शोधत बसावं लागेल.

शॉर्टकट विंडोजचे दिलेत. मॅकवर असाल तर कंट्रोलऐवजी कमांड आणि ऑल्टऐवजी ऑप्शन दाबा.

आधी दुखणं कुठे आहे ते बघू

१. फाइल मेनूतून 'सेव्ह अ‍ॅज' करून फाइलला नवं नाव द्या. 'सेव्ह अ कॉपी' नको. त्यात प्रत बनते खरी, पण तुम्ही काम करत राहता मूळ फाइलवरच.

२. टाइप मेनूतली फॉण्टची यादी उघडा. जुन्या आवृत्तीत तिचं नाव 'फाइंड फॉण्ट', नव्या आवृत्तीत 'फाइंड/रिप्लेस फॉण्ट'. एखाद्या नावापुढे धोक्याचा त्रिकोण दिसला तर तो फॉण्ट तुमच्या संगणकावर नाही. पानावरचा गुलाबी पट्टा त्याचाच. तो फॉण्ट मिळवून बसवा. इथूनच दुसरा फॉण्ट देऊन टाकायचा मोह होईल, पण स्टाइल बदलण्याच्या पर्यायावर टिक न करता तसं केलंत तर मजकुरात जागोजागी नवं + उगवेल.

३. बिघडलेल्या परिच्छेदातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी वाचता आली तर मजकूर युनिकोड आहे, पुढे चला. रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कालवा दिसला तर तो जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमध्ये टाइप केलेला आहे. अशा मजकुराला युनिकोड फॉण्टची स्टाइल कितीही वेळा लावा, पानावर तोच कालवा येणार. मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, मुद्रितशोधकाकडून एकदा वाचून घ्या (जोडाक्षरं आणि रफार हटकून चुकतात) आणि मगच चौथ्या पायरीवर या.

४. एफ ११ दाबून पॅराग्राफ स्टाइल्सचं पॅनल उघडा. लॅपटॉपवर उघडलं नाही तर एफएन धरून दाबा.

५. टाइप टूल घेऊन बिघडलेल्या परिच्छेदात एकदा क्लिक करा. काळ्या बाणाने चौकट निवडू नका. चौकट एकटी असेल, पुढच्या चौकटीला जोडलेली नसेल, तर पॅनलमधली एक चुकीची क्लिक तिच्यातल्या सगळ्या मजकुराला लागते, मथळ्यासकट.

६. पॅनलमध्ये कोणतं नाव उजळलंय ते वाचा. चौकटी कंसातलं 'बेसिक पॅराग्राफ' असेल तर तुमची स्टाइल या परिच्छेदापर्यंत पोहोचलेलीच नाही, आत्ता लावा. तुमच्याच स्टाइलचं नाव असेल आणि पुढे + असेल तर सातव्या पायरीवर जा. + नसूनही मजकूर वेगळा दिसत असेल तर शिफ्ट + एफ ११ दाबून कॅरेक्टर स्टाइल्स बघा. कॅरेक्टर स्टाइल लागलेली असली की + उमटत नाही, त्यामुळे भलेभले इथे अडकतात. तिथेही 'नन'च दिसलं तर बिघाड स्टाइलच्या आत आहे. थेट एकोणिसाव्या पायरीवर जा.

७. माउसचा बाण + असलेल्या नावावर नेऊन नुसता थांबवा. लगेच छोटी पट्टी उघडते आणि स्टाइलबाहेरचं काय काय चिकटलंय ते सांगते: निर्मला यूआय, आकार १४, लीडिंग २०, असं. ही ओळ नीट वाचा. वर्डमधून काय सामान आलंय ते इथेच कळतं. क्लिक मात्र करू नका.

८. पॅनलच्या वरच्या बाजूचं + चं बटण दाबा. आता सगळ्या पानांवर जिथे जिथे स्टाइल मोडलीय तिथे रंग चढेल. काहीच दिसलं नाही तर व्ह्यू मेनूतून स्क्रीन मोड 'नॉर्मल' करा, प्रिव्ह्यूमध्ये हा रंग दिसत नाही.

आता ठळक शब्द वाचवा

मला विचाराल तर सगळ्या कामात मोलाचा भाग हाच. घाईत नेमका हाच गाळला जातो आणि मग प्रूफ पाहून लेखकाचा फोन येतो.

९. कंट्रोल + शिफ्ट + ए दाबून सगळी निवड सोडा. कर्सर मजकुरातच राहिला तर नवी स्टाइल तिथला आकार-फॉण्टही उचलते.

१०. कॅरेक्टर स्टाइल्सच्या पॅनलमध्ये नवी स्टाइल करा, नाव द्या 'ठळक'.

११. तिच्यात फक्त एकच गोष्ट भरा: फॉण्ट स्टाइल, बोल्ड. फॉण्टचं नाव, आकार, लीडिंग, रंग, सगळं रिकामं राहू दे. फॉण्टचं नाव भरलंत तर उद्या मुख्य मजकूर 'मुक्ता' फॉण्टमध्ये घेतला तरी ठळक शब्द जुन्याच फॉण्टमध्ये राहतील. मुख्य मजकुराच्या फॉण्टला बोल्ड वजन आहे ना, तेही बघून घ्या.

१२. मजकुरात तिरपे शब्द असतील तर दुसरी कॅरेक्टर स्टाइल करा, नाव 'ग्रंथनाम'. मराठीच्या बहुतेक फॉण्टना खरं इटॅलिक नसतंच. वर्ड अक्षरं नुसती कलती करून दाखवतो, इनडिझाइन तसं करत नाही आणि गुलाबी पट्टा दाखवतो. तेव्हा इथे इटॅलिक भरू नका. मीडियम वजन किंवा वेगळा रंग द्या, किंवा ग्रंथनामं अवतरणात घ्यायची असं संपादकांशी ठरवून टाका. अवतरणाचं ठरलं तरी ही स्टाइल करा, शब्द सापडायला तिचाच उपयोग होईल.

१३. कंट्रोल + एफ दाबून फाइंड/चेंज उघडा आणि 'टेक्स्ट'चा टॅब निवडा. शोधायचा शब्द आणि बदलायचा शब्द हे दोन्ही रकाने रिकामे ठेवा. 'सर्च' मध्ये डॉक्युमेंट ठेवा.

१४. 'फाइंड फॉरमॅट' मध्ये फॉण्ट स्टाइल बोल्ड निवडा आणि त्याच खिडकीत पॅराग्राफ स्टाइल 'मुख्य मजकूर' निवडा. ही दुसरी निवड विसरलात तर मथळे आणि उपमथळेही ठळक म्हणून सापडतील आणि त्यांनाही ही कॅरेक्टर स्टाइल चिकटेल.

१५. 'चेंज फॉरमॅट' मध्ये कॅरेक्टर स्टाइल 'ठळक' निवडा.

१६. आधी एकच बदल करून पानावर नजर टाका, बरोबर वाटला की 'चेंज ऑल'. किती जागी बदल झाला तो आकडा येतो. शून्य आला तर मजकुरात बोल्डऐवजी सेमीबोल्ड आहे का ते बघा. तिरप्या शब्दांसाठी हेच इटॅलिक आणि 'ग्रंथनाम' घेऊन पुन्हा करा. झालं की दोन्ही फॉरमॅटचे रकाने कचरापेटीच्या चिन्हाने रिकामे करा. ते भरलेले राहिले तर नंतर साधा शब्द शोधतानाही 'सापडला नाही' असंच उत्तर येत राहील.

साफसफाई

१७. लेखात कुठेही क्लिक करून कंट्रोल + ए दाबा. तक्ते आणि तळटीपा यात येत नाहीत, त्या नंतर वेगळ्या निवडा.

१८. पॅराग्राफ स्टाइल्सच्या पॅनलच्या तळाशी असलेलं 'क्लिअर ओव्हरराइड्स'चं बटण दाबा. प्रत्येक परिच्छेद आपापल्या स्टाइलवर परत येतो, मथळा मथळाच राहतो, आणि ठळक शब्द जागचे हलत नाहीत. बघा, पानांवरचा रंग उतरला! ऑल्ट धरून स्टाइलच्या नावावर क्लिक करायची सवय असेल तर ती इथे आवरा. सगळा लेख निवडलेला असताना तसं केलंत तर मथळ्यालाही मुख्य मजकुराची स्टाइल लागेल. त्यात शिफ्टही दाबलं गेलं तर आत्ताच वाचवलेले ठळक शब्दही गेले. झालंच तर घाबरू नका, लगेच कंट्रोल + झेड.

स्टाइलच चुकलेली असेल तर

१९. पॅनलमध्ये स्टाइलच्या नावावर उजवी क्लिक करून 'एडिट' निवडा. डबल क्लिक करू नका. त्याने स्टाइल उघडते, पण कर्सर असेल त्या परिच्छेदाला लागूनही जाते.

२०. 'जनरल' मध्ये 'बेस्ड ऑन' समोर काय लिहिलंय ते बघा. 'बेसिक पॅराग्राफ' असेल तर बदलून 'नो पॅराग्राफ स्टाइल' करा. बेसिक पॅराग्राफ प्रत्येक फाइलमध्ये वेगळा असू शकतो, म्हणून एका फाइलमधला लेख दुसरीत नेला की त्याचं रूप पालटतं. बदल केल्यावर आकार आणि लीडिंग जागेवर आहेत ना, तेही पाहा.

२१. 'बेसिक कॅरेक्टर फॉरमॅट्स' मध्ये लीडिंगचा आकडा स्वतः भरा. टाइप १२ असेल तर १७ पासून सुरुवात करून बघा. आकडा कंसात दिसत असेल तर तो 'ऑटो' आहे आणि ओळीतला एखादा मोठा शब्द ती सगळी ओळ खाली ढकलतो.

२२. त्याच पानावर ट्रॅकिंग शून्य करा.

२३. 'अ‍ॅडव्हान्स्ड कॅरेक्टर फॉरमॅट्स' मध्ये भाषा मराठी निवडा.

२४. 'जस्टिफिकेशन' मध्ये लेटर स्पेसिंगचे तिन्ही आकडे शून्य ठेवा. इथे थोडीशी जरी ढील दिली तरी ओळ भरताना अक्षरं एकमेकांपासून सुटतात आणि शिरोरेघेला भेगा पडतात. ओळ भरायचं काम शब्दांमधल्या जागेवर सोडा.

२५. तिथेच खाली कंपोजरसमोर 'अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर' निवडा. 'कि' मधली वेलांटी अक्षराच्या मागे पडत असेल, जोडाक्षरं पाय मोडून सुटी दिसत असतील, तर औषध हेच. ते स्टाइलमध्येच भरा. पॅराग्राफ पॅनलच्या मेनूतून निवडलंत तर त्या एका परिच्छेदापुरतं होईल आणि + परत येईल.

२६. 'ओके' म्हणा. मथळा, उपमथळा, लेखकाचं नाव या स्टाइलही याच रीतीने एकदा उघडून बघा. तिथे वेळ लागत नाही.

पुन्हा तसं होऊ नये म्हणून

२७. कंट्रोल + शिफ्ट + ए दाबून निवड सोडा आणि मग पॅनलमध्ये 'मुख्य मजकूर', कॅरेक्टर स्टाइल्समध्ये 'नन' यांवर एकेकदा क्लिक करा. आता प्रत्येक नवी चौकट याच स्टाइलने सुरू होईल. काहीच निवडलेलं नसताना चुकून मथळ्याच्या स्टाइलवर क्लिक झाली, की प्रत्येक नव्या चौकटीत टाइप केलेलं मथळ्याएवढं उमटतं. ती तक्रारही इथेच मिटते.

२८. उरलेले लेख कंट्रोल + डी ने आणा आणि फाइल निवडताना 'शो इम्पोर्ट ऑप्शन्स'वर टिक करा.

२९. उघडलेल्या खिडकीत स्टाइल आणि फॉरमॅटिंग काढून टाकण्याचा पर्याय निवडा आणि त्याखालचं 'प्रिझर्व्ह लोकल ओव्हरराइड्स' टिक करा. ही टिक करायची राहून गेली तर ठळक शब्दही निघून जातील. लेख आला की नवव्यापासून नाही, थेट तेराव्या पायरीपासून अठराव्यापर्यंत जा; कॅरेक्टर स्टाइल्स तर तयारच आहेत.

३०. एवढं करूनही एखादी फाइल हट्टाला पेटली, स्टाइल बदलली तरी पानावर काहीच हललं नाही, तर ती आयडीएमएल म्हणून काढा, ती आयडीएमएल उघडा आणि नव्या नावाने सेव्ह करा. नंतर पानं चाळून ओळी इकडेतिकडे सरकल्या नाहीत ना ते पाहा.

३१. एक पान पीडीएफ करून कागदावर छापा आणि 'राष्ट्र', 'ज्ञानेश्वर', 'क्षितिज', 'दऱ्या', 'शृंगार' असे शब्द शोधून बोट ठेवून तपासा. पडद्यावरच्या पानावर विसंबू नका, पीडीएफचा कागदच बघा. हे शब्द नीट उमटले असतील तर फाइल छापखान्यात पाठवा.